बालमधुमेह आणि व्यायाम : रक्तशर्करेचा जमाखर्च

मधुमेह हा शब्द आपल्या व्यापारी समाजास नवा नाही. आयुष्य गादीवर बसून काढलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणा ना कोणास हा विकार असतोच, आणि त्यावरील उपदेशही घरोघरी पाठ झालेला असतो : साखर वर्ज्य करा, भात कमी करा, रोज सकाळी तासभर चालून या. बेळगावास टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर पहाटे जे स्त्रीपुरुष लगबगीने फेऱ्या घालताना दिसतात, त्यांपैकी पुष्कळजण याच उपदेशापायी अंथरुण सोडून आलेले असतात. त्यांच्यापुरता तो उपदेश योग्यच आहे. परंतु तोच उपदेश जसाच्या तसा एखाद्या बारा वर्षांच्या मुलास लागू केला म्हणजे काय घडते, हे आम्ही आमच्या घरी पाहिले आहे. आणि म्हणूनच, आम्ही वैद्य नसून मच्छे येथील साधे व्यापारी असताही, या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत. यातील औषधाचे प्रमाण कोणी परस्पर अंमलात आणू नये, ते आपापल्या डॉक्टरांस विचारूनच ठरवावे, ही विनंती आरंभीच करून ठेवतो.

प्रथम दोन मधुमेहांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्रौढांत जो सामान्यतः आढळतो त्यास दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. त्यात शरीर इन्सुलिन निर्माण करीत असते, पण त्याची मात्रा लागू पडत नाही. पहिल्या प्रकारात मात्र शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते व त्या नष्ट करते. मग बाहेरून इन्सुलिन टोचून घेतल्यावाचून गत्यंतर नाही; ते बंद केल्यास रक्तात कीटोन नामक आम्लद्रव्ये साचून थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते. हा प्रकार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी प्रकट होतो, म्हणून त्यास पूर्वी बालमधुमेह म्हणत. वस्तुतः तो कोणत्याही वयात होऊ शकतो; तथापि घरोघरी रुळलेला शब्द म्हणून आम्हीही तोच वापरला आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. हा विकार गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या हयगयीने होत नाही, आणि कितीही व्यायाम केला तरी जात नाही. आमच्याकडे समाचारास आलेल्या कित्येक सद्गृहस्थांनी या तिन्ही गोष्टींविरुद्ध बोलून मुलाच्या आईस जे अश्रू ढाळावयास लावले, त्यांचे स्मरण आजही सुखद नाही.

हा भेद आपल्या पूर्वजांच्या दृष्टीतून सर्वस्वी निसटला होता असेही नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले असून पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल असतो असे वर्णन आहे. कृश रोग्याचे पोषण करावे, स्थूलाचे लंघनादि उपायांनी कर्शन करावे, असा तेथे विवेक केलेला आहे. आणि शंभर योजने चालावे ही प्रसिद्ध आज्ञाही त्याच ग्रंथातील आहे. आजचे दोन प्रकार व सुश्रुताचे दोन भेद तंतोतंत एकच आहेत असा आमचा दावा नाही. परंतु एकाचे पथ्य दुसऱ्यास देऊ नये, एवढी गोष्ट तरी दोन सहस्र वर्षांच्या सुमाराची जुनी आहे.

आता व्यायामाकडे वळू. त्याचे मर्म कळण्यासाठी शरीरातील साखरेचा साठा कोठे असतो हे पाहणे अगत्याचे आहे, आणि व्यापाऱ्यास ही गोष्ट समजण्यास जड जाऊ नये. प्रौढ निरोगी मनुष्याच्या सर्व रक्तात मिळून साखर किती असावी? अवघी ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढी! ही गल्ल्यातील रोकड होय. खरा माल वखारीत असतो. यकृताच्या वखारीत सुमारे १०० ग्रॅम व सर्व स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेन या रूपाने भरलेली असते. त्यातही स्नायूंची वखार खाजगी आहे. तेथील माल त्या त्या स्नायूसच वापरता येतो, रक्तास परत मिळत नाही. रक्तास पुरवठा करावयाचा तो यकृतानेच. आणि इकडे एकटा मेंदू दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम साखर खातो. तेव्हा चमचाभर रोकडीवर एवढी उलाढाल चालते ती केवळ यकृत व स्वादुपिंड यांच्या क्षणाक्षणाच्या देखरेखीमुळे.

निरोगी मूल धावू लागले की त्याचे स्वादुपिंड इन्सुलिन सोडणे आपण होऊन कमी करते, ग्लुकॅगॉन नामक दुसरा स्राव वाढविते आणि यकृत आपला दरवाजा उघडते. स्नायूंनी जेवढी साखर उचलली तेवढी यकृताने भरून दिली, असा हिशेब जुळतो. मुलास त्याची वार्ताही नसते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हा हिशेब बिघडतो. टोचलेले इन्सुलिन त्वचेखाली ठेवीसारखे पडलेले असते. खेळ सुरू झाला म्हणून ते परत काढून घेता येत नाही. उलट मांडीत टोचून लागलीच धावल्यास तेथील रक्ताभिसरण वाढून ते अधिकच वेगाने रक्तात उतरते. इन्सुलिन भरपूर असल्यामुळे यकृताचा दरवाजा बंद राहतो. आणि स्नायूंची गोष्ट अशी, की काम करू लागलेला स्नायू इन्सुलिनच्या मध्यस्थीवाचूनही साखर आत ओढून घेऊ शकतो. म्हणजे देणे दोन्ही बाजूंनी वाढले व येणे थांबले. अर्ध्या तासात साखर १६० वरून ६० वर येणे यात मग नवल ते कोणते?

ही गोष्ट प्रथम प्रयोगाने दाखविणाऱ्यांत रॉबर्ट डॅनिएल लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टराचे नाव अग्रभागी आहे. टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लाउड यांच्या प्रयत्नांनी १९२१-२२ साली इन्सुलिन उपलब्ध झाले. लॉरेन्स स्वतः त्यापूर्वीच या विकाराने आजारी पडले होते व मरणाची वाट पाहत होते. १९२३ साली इन्सुलिन मिळून ते वाचले. १९२६ साली त्यांनी व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम कसा बळावतो हे प्रसिद्ध केले. अमेरिकेत याच सुमारास डॉ. एलियट जॉस्लिन आहार व इन्सुलिन यांच्या जोडीस व्यायामास तिसरे स्थान देत होते. सारांश, या रोग्याने खेळू नये असे जाणत्यांनी आरंभापासून कधी म्हटले नाही. हिशेब ठेवून खेळावे असेच म्हटले.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर आपल्या वाचकांच्या मनातील एका शंकेचा येथेच उल्लेख करू. अनेक वर्षे हे औषध गाई व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून काढले जात असे, आणि अहिंसाव्रती कुटुंबांत त्यामुळे केवढे धर्मसंकट उभे राहत असेल याची कल्पना करता येते. आता ती स्थिती नाही. मानवी इन्सुलिनची आज्ञा सूक्ष्म जंतूंत किंवा किण्वात बसवून ते तयार करण्याची रीत १९७८ साली साधली, १९८२ पासून ते अमेरिकेत बाजारात आले, आणि २००३-०४ पासून भारतीय कंपन्याही ते बनवू लागल्या. आज आपल्याकडील औषधविक्रेत्यांकडे सामान्यतः मिळते ते हेच. या शंकेपायी एखाद्या घरात इंजेक्शनास विलंब होऊ नये म्हणून हे सांगितले.

आता आमच्या घरची हकीगत. आमच्या पुतण्यास वयाच्या अकराव्या वर्षी हा विकार जडला. पाठोपाठ त्याच्या शाळेने, कोणत्या ते सांगण्याचे कारण नाही, त्यास खेळाच्या तासातून वगळल्याची चिठ्ठी घरी पाठविली. हेतू चांगला होता. परंतु ज्या मुलाचा सारा जीव कबड्डीत, त्यास कुंपणाबाहेर बसवून ठेवणे ही शिक्षाच झाली. सहा महिन्यांत मुलगा अबोल झाला. तेव्हा आम्ही घरच्यांनीच, वर सांगितलेला प्रौढांचा उपदेश प्रमाण मानून, सायंकाळी मच्छे गावच्या मुलांबरोबर त्यास मैदानावर पाठवावयास सुरुवात केली. व्यायाम करील तितका बरा, साखर आटोक्यात राहील, असा आमचा भाबडा समज. खेळून आल्यावर साखर पाहावी तर १९०, कधी २१० ! आम्ही बुचकळ्यात पडलो आणि एक दिवस, आता त्याची लाज वाटते, संध्याकाळचे इन्सुलिन दोन एककांनी वाढविले.

त्या रात्री दोनच्या सुमारास त्याच्या आईस जाग आली ती मुलाच्या कण्हण्याने. अंग घामाने चिंब, डोळे अर्धवट उघडे, विचारलेल्याचे उत्तर भलतेच. यंत्रावर साखर पाहिली : ४१. घरात एकच धांदल उडाली. आमच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, ताटवाटी निघत नाही. मातोश्रींनी तर गेली चाळीस वर्षे रात्री पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. त्या क्षणी, सांगावयास संकोच वाटतो, आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे राहिलो. मातोश्री उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, पेल्यात साखर कालवून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “हे जेवण नव्हे रे, औषध आहे. धर त्याला बसता.” मुलगा गिळू शकत होता हे नशीब. वीस मिनिटांनी तो शुद्धीवर येऊन, सगळे का जागे आहेत, म्हणून विचारू लागला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आमचा हिशेब आम्हास उलगडून दाखविला, तो असा. कबड्डी हा सलग धावण्याचा खेळ नव्हे. चढाई, पकड, झटापट, मग विसावा. असा तो झटक्याझटक्यांचा आहे. अशा जोराच्या झटक्यात ॲड्रिनलिन उसळते, यकृत साखर सोडते, आणि खेळ संपताना आकडा चढलेला दिसतो. लांब चालणे, सायकल, सावकाश धावणे यांत तो उतरतो. झुंजीच्या खेळांत, वजन उचलण्यात किंवा वेगाच्या धावेत तो काही काळ चढतो. हा चढ तात्पुरता असतो व बहुधा आपोआप ओसरतो. आम्ही तो खरा मानून त्यावर इन्सुलिन चढविले, ही पहिली चूक.

दुसरी गोष्ट अधिक गहन आहे, आणि या लेखाचा मुख्य हेतूही तीच सांगण्याचा आहे. स्नायूंनी खेळताना जी वखार रिकामी केली ती ते रात्री भरून काढतात. ऑस्ट्रेलियात पर्थ येथील संशोधकांनी २००७ साली या विकाराच्या कुमारवयीन मुलांस दुपारी चार वाजता ४५ मिनिटे व्यायाम देऊन रात्रभर पाहणी केली. साखरेची मागणी दोनदा वाढलेली दिसली : एकदा व्यायामात व त्यापाठोपाठ, आणि पुन्हा सात ते अकरा तासांनी. म्हणजे ऐन मध्यरात्री, मूल गाढ झोपेत असताना. झोपेत धोक्याच्या खुणाही मंदावतात. दिवसा जी थरथर, जो घाम, जी भूक मुलास सावध करते, ती रात्री त्यास जागे करीलच असा भरवसा नाही.

यात आमच्या घराच्या रीतीने आणखी भर टाकली होती. जेवण सूर्यास्तापूर्वी, म्हणजे डिसेंबरात सहाच्या आत व जूनमध्ये सातच्या आत. मुलास दोन प्रकारचे इन्सुलिन एकत्र दिले जाई : जेवणापुरते साधे व रात्रभर पुरणारे दुधाळ, ज्यास एनपीएच म्हणतात. हे दुसरे इन्सुलिन टोचल्यापासून साधारणतः चार ते आठ तासांनी सर्वांत जोरात असते. सायंकाळी सहास टोचले की त्याचा भर रात्री दहा ते दोन. जेवण तोवर केव्हाच पचलेले. इकडे स्नायूंची उधारी वसुलीस आलेली. आणि त्यावर आम्ही वाढविलेले ते दोन एकक! जी कुटुंबे रात्री नऊ वाजता जेवतात, त्यांच्या मुलांस हा फटका थोडा तरी उशिरा व सौम्य बसतो. लवकर जेवणाऱ्या घरांनी हे गणित स्वतंत्र मांडले पाहिजे. गावोगावी वाटली जाणारी माहितीपत्रके हे गणित मांडीत नाहीत.

उपाय दोनच. रात्रीची मागणी अन्नाने भागवावी, नाहीतर इन्सुलिन कमी करून. इतर घरांत झोपण्यापूर्वी दूध किंवा पोळीचा तुकडा देतात. ज्या घरी ते चालत नाही, तेथे दुसऱ्या वाटेनेच जावे लागते. आमच्या डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन जेवणातून वेगळे काढून रात्री साडेनवास नेले. इंजेक्शन हे अन्न नव्हे, तेव्हा त्यास रीतीची आडकाठी नाही. खेळाच्या दिवशी त्याची मात्रा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी करावयास सांगितली. खेळल्यानंतरच्या जेवणाच्या इन्सुलिनातही कपात सांगितली. पुढे काही महिन्यांनी त्यांनी त्यास अधिक सपाट चालणारे नवे इन्सुलिन सुरू केले. त्यात मध्यरात्रीचा तो उंचवटा नाही. पण खर्च अधिक आहे, व जुन्या इन्सुलिनवरही नीट हिशेब ठेवून पुष्कळ मुले उत्तम खेळतात, हेही त्यांनीच सांगितले.

खेळण्यापूर्वीचा हिशेब आता आमच्या घरी सर्वांस पाठ आहे. या विषयावर २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यानुसार सर्वसाधारण मैदानी व्यायामास आरंभ करताना साखर दर डेसिलिटरला १२६ ते १८० मिलिग्रॅम असणे सोयीचे. ९० ते १२४ असेल तर आधी १० ग्रॅम ग्लुकोज घ्यावे. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम घेऊन आकडा वर येईपर्यंत थांबावे. २७० च्या वर असेल व त्याचे कारण नुकतेच झालेले जेवण नसेल, तर कीटोन तपासावेत. येथे पुष्कळांची फसगत होते. साखर वाढली आहे, चला धावून उतरवू, हा विचार दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यास शोभतो. पहिल्या प्रकारात साखर फार चढण्याचे कारण इन्सुलिनचा अभाव हे असू शकते; अशा वेळी व्यायामाने साखर तर वाढतेच, शिवाय कीटोनही वाढतात. कीटोन आढळले तर खेळ बंद, आणि डॉक्टरांकडे. तसेच मागील चोवीस तासांत साखर घसरून दुसऱ्याची मदत लागण्याजोगा प्रसंग घडला असेल, तर त्या दिवशी खेळू नये.

जेवणानंतर दीड-दोन तासांच्या आत खेळावयाचे असल्यास त्या जेवणाचे इन्सुलिन, व्यायामाचा जोर व वेळ पाहून, पाव हिश्शापासून पाऊण हिश्शापर्यंत कमी करतात. तासाहून अधिक चालणाऱ्या श्रमात मध्ये ग्लुकोज घ्यावे लागते; प्रौढांस याचे प्रमाण ताशी ३० ते ६० ग्रॅमपर्यंत जाते. सकाळी न्याहारीपूर्वीचा व्यायाम अनेकांस मानवतो, कारण त्या वेळी अंगात जेवणाचे इन्सुलिन नसते. तालमीची हौस असणाऱ्यांसाठी एक उपयुक्त गोष्ट : कॅनडातील २०१२ च्या एका अभ्यासात आधी वजनाचा व्यायाम व मग धावणे, असा क्रम ठेवला असता धावताना साखर कमी घसरली. आपल्या भाषेत, आधी दंड-बैठका, मग फेऱ्या.

साखर ७० च्या खाली गेली तर करावयाचे काय? खेळ तत्काळ थांबवून १५ ग्रॅम ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी पुन्हा मापन. न चढल्यास पुन्हा तेवढेच. घरगुती साखर चहाचे तीन चमचे भरून पाण्यात दिली तर साधारण तेवढे होते. पुष्कळ पुस्तकांत मध सुचविलेला असतो, तो आपल्याकडे चालत नाही. ग्लुकोजची भुकटी सर्वांत उत्तम. आणखी एक सूचना बेळगावकरांस अवश्य करावी लागते. मुलास चक्कर आली की कोणी प्रेमाने कुंदा पुढे करतो, कोणी पेढा. कुंद्यातील स्निग्धांश साखरेस पोटातून रक्तात जाण्यास अडवून धरतो. ज्या घटकेस मिनिटे मोजावयाची त्या घटकेस तो उपयोगाचा नाही. साखर स्थिर झाल्यावर खुशाल खावा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे, घरी ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन असल्यास द्यावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे.

उपवासाविषयी थोडेच लिहितो. दशलक्षण पर्वात मुलेही हौसेने एकाशन, उपवास करू इच्छितात. या विकाराच्या मुलाने डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करू नये, उपवासाच्या दिवशी खेळू नये, आणि अन्न बंद म्हणून मूळ इन्सुलिन बंद, असे तर कदापि करू नये. आमच्या पुतण्याने गेल्या पर्वात उपवासाऐवजी रोज एक तास स्वाध्यायाचा नियम घेतला.

मग एवढा उपद्व्याप करून व्यायामाचा लाभ काय, असे कोणी विचारील. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी जी रक्तचाचणी असते, तिचा आकडा केवळ व्यायामाने हमखास खाली येतो असे पहिल्या प्रकारात सिद्ध झालेले नाही. लाभ आहे तो हृदयास, रक्तवाहिन्यांस, हाडांस. इन्सुलिन कमी पुरते. आणि मन प्रसन्न राहते. मुलांनी रोज तासभर खेळावे, प्रौढांनी आठवड्यास दीडशे मिनिटे श्रम करावे, हा सर्वसाधारण नियम यांनाही लागू आहे. पाकिस्तानचा गोलंदाज वसीम अक्रम यास १९९७ साली, तिसाव्या वर्षाच्या सुमारास, हा विकार असल्याचे कळले. त्यानंतर तो २००३ पर्यंत खेळला आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतील त्याचा पाचशेवा बळी पडला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल यास १९९९ मध्ये निदान झाले, आणि सिडनी २००० व अथेन्स २००४ या दोन्ही ऑलिंपिकांत पन्नास मीटर शर्यतीचे सुवर्णपदक त्याने मिळविले, पैकी सिडनीचे बरोबरीत. ही नावे आम्ही मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांस लिहिलेल्या पत्रात घातली होती. त्यांचा उपयोग झाला की नाही न कळे. पण पत्रासोबत जोडलेला डॉक्टरांचा एक कागद मात्र उपयोगी पडला. साखर घसरल्याची लक्षणे, काय द्यावे, कोणास कळवावे, एवढेच त्यात होते. खेळाचे शिक्षक घाबरतात ते अज्ञानाने. कागद हाती आला की त्यांस धीर येतो.

साहाय्य मिळण्याची ठिकाणेही आता आहेत. बेळगावात के. एल. ई. संस्थेच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात मधुमेहाचे स्वतंत्र केंद्र आहे. मच्छ्याहून जाताना सारे शहर ओलांडावे लागते खरे, पण निपाणी किंवा खानापूरकडील कुटुंबांस पुण्या-मुंबईची वाट धरण्याची गरज राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ साली याच विकारासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली असून तीत व्यायामाचे प्रकरण आहे. आपल्या डॉक्टरांस ती विचारावी. दंडावर चिकटवून दिवसरात्र साखर दाखविणारी यंत्रेही मिळतात. ती महाग आहेत. ज्यांस शक्य नाही त्यांनी खेळाच्या दिवशी रात्री दोनचा गजर लावून बोटाच्या थेंबावर एकदा पाहावे. आमच्या घरी वर्षभर तेच केले. पाळी लावून दिली होती : सोमवारी आई, मंगळवारी बाप, बुधवारी आम्ही.

मुलाची वही आमच्या दुकानातल्या जुन्या खतावणीतून उरलेल्या पानांची आहे. डाव्या बाजूस खाल्लेले अन्न, उजव्या बाजूस इन्सुलिन व खेळ, आणि खाली शिल्लक म्हणून निजतानाचा आकडा. गेल्या हिवाळ्यात तो मित्रांबरोबर येळ्ळूरचा राजहंसगड चढून आला, त्या दिवसाची नोंद अशी आहे : निघताना १४८, अर्ध्या वाटेवर ९६, ग्लुकोज घेतले, गडावर १३१, घरी १२२, रात्री इन्सुलिन कमी, दोन वाजता ११४. त्याखाली दुसऱ्या हातचे अक्षर आहे. त्या रात्री पाळी कोणाचीच लावलेली नव्हती, दोनचा तो आकडा मातोश्रींनी टिपला होता.